कडू गोळ्यांचं अनुपान

अमरावती
२० नोव्हेंबर १९५८

ती. अक्कास बापूचा साष्टांग नमस्कार.

परवा मला नागपूरहून घरी आणून टाकलं. टाकलं हाच शब्द बरोबर आहे. दोघा हमालांनी गाडीतून उतरवलं ते सरकीचं पोतं उतरवावं तसं, आणि वर त्यातला एक म्हणतो, "वकीलसायेब, वजन लय हाये बापा तुमचं!" खुबा मोडला आहे, जीभ शाबूत आहे, असं त्याला सुनावलं.

शैलाने तुला कळवलं असेलच. पण सुना अर्धंच सांगतात, म्हणून सविस्तर लिहितो. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय सरकला आणि मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. नागपूरच्या डॉक्टरांनी आत बोटभर लांबीचा पोलादी खिळा ठोकला आहे. दिवाळी दवाखान्यातच गेली. वॉर्डात माझ्यासारखे आणखी सहाजण होते. पुरुष म्हणायचे एवढंच, एकजात रडतराऊत. पाय जरा हलला की "इंजेक्शन द्या, इंजेक्शन द्या" सुरू. आणि ते इंजेक्शन कसलं, तर मॉर्फियाचं. म्हणजे अफूचाच अर्क! नर्स सुई घेऊन माझ्याकडे आली तेव्हा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "बाई, मी अमरावतीच्या व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष आहे. पंधरा वर्षं ज्या विषाविरुद्ध बोललो ते अंगात घेणार नाही." डॉक्टर म्हणाले, जशी आपली मर्जी. त्यांच्या चेहऱ्यावर आदर स्पष्ट दिसत होता.

आता त्यांचं नवं खूळ ऐक. म्हणे रोज उठून बसा, घोटे हलवा, कुबड्यांवर उभे राहा, मोडक्या पायावर भार मात्र देऊ नका. दुखऱ्या अंगाला विश्रांती द्यावी हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी साफ नाही म्हटलं आहे. दुखणं असतं ते मनात, अक्का. मन खंबीर असलं की हाडाचं काय चालतं? हेच मी भाऊजींनाही सांगत होतो. असो. तो विषय निघाला की तू रागावतेस.

तुझा
बापू

अकोला, जठारपेठ
२४ नोव्हेंबर १९५८

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा काळजीपोटी आणि एकदा करमणूक म्हणून.

शैलाचं पत्र तुझ्या आधीच आलं होतं. सुना अर्धं सांगतात म्हणतोस, पण तिने पुरतं सांगितलं. इंजेक्शन नाकारलंस ते तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस तू गुंगीत होतास आणि तेच इंजेक्शन तुला सकाळ-संध्याकाळ देत होते. खोटं वाटत असेल तर रविकांतला विचार, तुझा मुलगा उशाशी बसलेला होता. आणि नाकारल्यावर तू जो टाहो फोडलास त्याने शेजारच्या बायकांच्या वॉर्डातून कोणी तरी विचारायला आलं की आत माणूस गेला का. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तुला आदर दिसला. मला वाटतं त्यांनी दात आवळून हसू दाबलं असेल. वकिलांना दोन्ही सारखेच दिसतात.

आता नीट ऐक. वैद्याच्या घरात मी बेचाळीस वर्षं काढली. खुबा मोडलेली म्हातारी माणसं खुब्याने मरत नाहीत. पडून राहतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो आणि त्याने मरतात. तुझे डॉक्टर सांगतात ते खूळ नाही. तू साठीचा आहेस. महिनाभर असाच लोळलास तर पुढे काठीसुद्धा लागायची नाही, कारण उठणारच नाहीस.

भाऊजींचा विषय तू काढलास म्हणून लिहिते. तुझ्या मेहुण्यांच्या पोटात लिंबाएवढी गाठ होती. अफू त्यांनी शौक म्हणून खाल्ली नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, सरकारी दुकानातून, महिन्याला मोजून मिळायची. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात तू समाचाराला आलास, उशाची डबी उघडलीस आणि सगळ्यांच्या देखत गटारात ओतलीस. "मोरोपंत, मरायचं तर शुद्धीत मरा," म्हणालास. आणि चारच्या गाडीने निघून गेलास. ते तिसऱ्या दिवशी गेले. शुद्धीत गेले, तुझ्या मनासारखे.

मी रागावत नाही, बापू. रागवायला माणसाबद्दल काही तरी वाटावं लागतं.

उठून बस.

अक्का

अमरावती
१ डिसेंबर १९५८

ती. अक्कास सा. न.

इतकं जुनं उगाळून मोडलेल्या माणसाच्या तोंडावर फेकावं, हे तुला शोभत नाही. मी जे केलं ते तत्त्वासाठी केलं. तत्त्वाला नातं नसतं.

इथले डॉक्टर काल आले होते. छातीला नळी लावून तोंड वाकडं केलं. उजव्या बाजूला खरखर आहे म्हणाले. पंधरवड्यात उभे राहिला नाहीत तर मला बोलावू नका, दुसऱ्या कोणाला तरी बोलवा, असंही म्हणाले. काय ही भाषा! कालची पोरं, पण गळ्यात नळी आली की बापाला अक्कल शिकवतात. मी उठायचा प्रयत्न केला नाही असं नाही. शैला आणि आमच्याकडे भाजी घालणारी भातकुलीची पार्बताबाई, दोघींनी धरलं. टाच खाटेवरून खाली घेतली मात्र, मांडीत सुरी फिरवल्यासारखं झालं. पार्बताबाई टोपली बाजूला ठेवून माझ्यासमोर कमरेवर हात देऊन उभी. म्हणते, "लेकरावाणी काहून रडून राहिले बापूसाहेब? मी तं नवव्या महिन्यात वांग्याचे वाफे निंदले." असल्या बाईला काय सांगणार?

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच. या पार्बताबाईचा नवरा नत्थुजी दुखण्याने फार बेजार आहे. रात्रंदिवस तळमळतो. माणूस गरीब आणि सज्जन. औषधापुरती थोडी अफू मिळाली तर त्याचा जीव वाचेल असं त्याच्या घरच्यांना वाटतं. मी अर्थात विरोधातच आहे. पण दयाधर्म म्हणून विचारतो. इथे मला सगळे ओळखतात, आणि मंडळाच्या अध्यक्षाच्या घरून कोणी चौकशी केली हे कळलं तर बभ्रा होईल. अकोल्यात भाऊजींच्या ओळखीचे दुकानदार असतील. बडनेऱ्याचे आपले रेल्वेतले किसनराव गार्डाच्या डब्यातून वारंवार अकोल्याला येतात. त्यांच्या हाती पाठव. टपालाने नको. आणि लवकर.

हे पत्र वाचून फाडून टाक.

बापू

अकोला
४ डिसेंबर १९५८

चि. बापूस आशीर्वाद.

नत्थुजीचं वाचून वाईट वाटलं. त्यातून नवल असं की शैला लिहिते, परवा रविवारी हाच नत्थुजी भातकुलीहून डोक्यावर फुलकोबीचं ओझं घेऊन पायी आला आणि ओसरीत बसून दोन भाकरी खाऊन गेला. असलं दुखणं सगळ्यांना यावं.

बरं, नत्थुजी तर नत्थुजी.

किसनरावांच्या हाती डबी पाठवली आहे. चाळीस गोळ्या आहेत, मी स्वतः घोटून वळल्या आहेत. कुठून काय आणलं ते विचारू नकोस. गोळी गिळायची नाही, जिभेखाली धरायची. कडूजहर लागेल.

आता अनुपान. तुझे मेहुणे म्हणायचे, औषध निम्मं आणि अनुपान निम्मं. लोक मध, तूप, आल्याचा रस सांगतात. या गोळीचं अनुपान अंगमेहनतीचं आहे, आणि ते गोळीच्या नंतर नाही, आधी. सकाळी उठल्यावर दहा दीर्घ श्वास, मग पोटाशी उशी दाबून खोकायचं आणि कफ काढायचा. दोन्ही घोटे वीस-वीस वेळा वरखाली. मांडीला जखम सोडून मिठाच्या पुरचुंडीचा शेक. एवढं झालं की पहिली गोळी. दुपारी दोघांच्या आधाराने खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं, एकोणतीसचा पाढा सावकाश म्हणून होईपर्यंत. मग दुसरी. संध्याकाळी डॉक्टरांनी दाखवलं तसं कुबड्यांवर उभं राहायचं, मोडका पाय अधांतरी धरून, तोच पाढा म्हणत. मग तिसरी. कुशीवर वळताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी हवीच. डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन जेवणानंतर रोज घ्यायची, तिला तुझं तत्त्व आडवं येत नसेल अशी आशा आहे.

अनुपान चुकवून गोळी घेतली तर ती उलटते. पोट फुगतं, लघवी अडते, आणि मग घरातल्या बायकांसमोर जी शोभा होते ती तुझ्यासारख्या, चुकले, नत्थुजीसारख्या अब्रूदार माणसाला सोसायची नाही. डबी शैलाच्या ताब्यात राहील. मी तिला लिहिलं आहे.

अक्का

अमरावती
१४ डिसेंबर १९५८

ती. अक्कास सा. न.

नत्थुजीला विलक्षण उतार आहे.

पहिल्या दिवशी घोटे हलवताना त्याच्या तोंडून जे शब्द गेले ते लिहिण्यासारखे नाहीत. पण गोळी जिभेखाली ठेवली आणि पाच मिनिटांत कळ खाली बसली. अंगातून ऊन पाणी फिरावं तसं वाटतं, डोळ्यांवर हलकी गुंगी येते, आणि मांडी आपली नसून दुसऱ्याची आहे असं वाटायला लागतं. हे सगळं त्याने मला सांगितलं. वर्णनात तो फार चांगला आहे. आता मला कळतं, माणसं या वस्तूच्या नादी का लागतात. दुबळ्या मनाच्या माणसाला तर ती एका आठवड्यात गिळून टाकील.

चौथ्या दिवशी बसला, सातव्या दिवशी कुबड्यांवर उभा राहिला आणि काल नऊ पावलं टाकली. पाढा म्हणताना एकोणतीस सत्ते त्र्याऐंशी म्हणाला, तर पार्बताबाई दारातून ओरडते, "वकीलसाहेब, आमचा वांगेवालाबी असं हिसाब नाई करत!" आणि हसून हसून भाजीची टोपली हलवत बसली. या बाईला घरात येऊ देऊ नये असं मी शैलाला सांगितलं. शैला म्हणाली, मग तुम्हाला उभं कोण धरणार. इतकी जीभ सुनांना कुठून आली कोण जाणे.

डॉक्टर आज नळी लावून म्हणाले, खरखर कमी आहे. माझं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं, जशी त्या जातीची रीत आहे.

एक काम कर. दुपारच्या वेळी दोन गोळ्या चालतील का, ते कळव. आणि आणखी चाळीस पाठव. रात्री पायात अजून कळ येते. नत्थुजीच्या.

बापू

अकोला
१७ डिसेंबर १९५८

चि. बापूस आशीर्वाद.

दोन चालणार नाहीत. चाळीस मिळणार नाहीत. किसनरावांकडे वीस दिल्या आहेत, त्या शेवटच्या.

उद्यापासून सकाळची गोळी बंद, अनुपान तेवढं चालू ठेव. दुपारची गोळी, माडीच्या जिन्यापर्यंत कुबड्यांवर जाऊन आल्यावर. संध्याकाळची, अंगणातल्या तुळशीला हात लावून आल्यावर. जानेवारी लागला की दिवसाला एकच. रात्री कळ आली तर उशी नीट कर, शेक घे, आणि कण्ह. कण्हायला परवाना लागत नाही.

दुबळ्या मनाची माणसं एका आठवड्यात गिळली जातात म्हणतोस. दहाव्या दिवशी दुप्पट मागणाऱ्याला काय म्हणतात ते तुझ्या भाषणांत असेलच, तिथून वाचून घे.

अक्का

अमरावती
९ फेब्रुवारी १९५९

ती. अक्कास सा. न.

बरेच दिवसांनी लिहितो. मी आता एका काठीवर चालतो. फोटोत खिळा जागच्या जागी आहे. डॉक्टर म्हणतात, साठीच्या माणसात इतकी प्रगती त्यांनी पाहिली नाही. छाती स्वच्छ आहे. मकरसंक्रांतीनंतर एकही गोळी घेतलेली नाही.

काल मंडळाने माझा सत्कार केला. सभागृह भरलं होतं. मी काठी टेबलाला टेकवून, उभ्यानेच पाऊण तास बोललो. पोलादाचा खिळा हाडात ठोकून घेतला आणि अफूच्या सुईला नकार दिला, हे ऐकून टाळ्या थांबेनात. माणसाला दुखण्यावर मात करायला विषाची गरज नसते, निश्चयाची असते, हे वाक्य मी दोनदा म्हटलं. दोन वार्ताहर लिहून घेत होते.

आता तुझ्यापाशी आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. नत्थुजी मीच होतो, हे तू ओळखलंच असशील. त्याबद्दल मला संकोच नाही, उलट एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली आणि ती मोकळेपणाने सांगतो. मी सहा आठवडे अफू घेतली, आणि ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी सोडली. हात थरथरला नाही, झोप उडाली नाही. भाऊजी मरेपर्यंत डबी मागत राहिले. वस्तू तीच होती, अक्का. फरक माणसात असतो. हे मी त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं म्हणून लिहीत नाही. ते सज्जन होते, पण मनाने कच्चे. त्या दिवशी मी केलं ते कठोर असेल, चुकीचं नव्हतं, एवढं तरी आता तू मान्य करावंस.

माझी डिसेंबरमधली दोन्ही पत्रं जाळून टाक. वार्ताहर कुठेही पोचतात.

तुझा
बापू

अकोला
१३ फेब्रुवारी १९५९

चि. बापूस आशीर्वाद.

तू चालतोस हे वाचून बरं वाटलं. ते मला हवं होतं. आईला मरताना शब्द दिला होता की तुझ्याकडे बघीन, तो पुरा झाला.

तुझी दोन्ही पत्रं यासोबत परत पाठवते. जाळायची तर तू जाळ. तुझी अब्रू माझ्या ट्रंकेत ठेवायला मला जागा नाही.

आता गोळ्यांचं. त्यात अफू नव्हती, राईएवढीसुद्धा नव्हती. गूळ, सुंठ आणि कडू किराईत, एवढंच. मी कुठल्या दुकानात गेले नाही की कोणाला विचारलं नाही. अफू तू जन्मात चाखलेली नाहीस. जिभेला कडू लागलं की तू ती अफूच मानणार, हे मला डबी भरतानाच माहीत होतं. गुंगी आली ती तुझी तुला आली. कळ उतरली ती तू पाय हलवलास म्हणून, शेक घेतलास म्हणून, उशी नीट ठेवलीस म्हणून, ॲस्पिरिन वेळेवर पोटात गेली म्हणून, आणि कापलेलं मांस महिना-दीड महिन्यात तसंही भरून येतं म्हणून. हे सगळं तुला नागपूरच्या डॉक्टरांनी फुकट सांगितलं होतं. पण अफूची लालूच दाखवल्याशिवाय तू घोटासुद्धा हलवला नसतास. तेव्हा तू काही सोडलंस असं मानू नकोस. तुझ्याजवळ सोडायला काही नव्हतंच. आणि पहिल्या दोन दिवसांची सुई सोडली तर सभेत बोललास ते सगळं खरं निघालं, अफूवाचून बरा झालास, फक्त निश्चय तुझा नव्हता.

फरक माणसात असतो म्हणतोस. असतो.

या गोळ्या मी पहिल्यांदा तुझ्यासाठी वळल्या नाहीत. भाद्रपदात तू डबी गटारात ओतून गाडीला गेलास, त्याच संध्याकाळी वळल्या. महिन्याचा वाटा तेवढाच होता, पुढचा आठ दिवसांनी मिळायचा होता. डॉक्टर गावाला गेलेले. मी दुकानदाराच्या पाया पडले, तो म्हणाला, बाई, कार्डावर शिक्का पडला, मी काय करू. घरी आले, त्यांच्याच खलात गूळ-सुंठ-किराईत घोटलं आणि त्यांना सांगितलं, मिळाली एका ठिकाणाहून. त्यांनी गोळी जिभेखाली धरली. बेचाळीस वर्षं लोकांना औषधं करून दिलेला माणूस, त्याला काय कळत नव्हतं? पहिल्या चवीलाच कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "जरा बरं वाटतंय, अनसूये."

मग तीन दिवस मी दिली की घ्यायचे, आणि दर वेळी मला बरं वाटावं म्हणून बरं वाटतंय म्हणायचे. मी पाठ फिरवली की उशीचं टोक दातांत धरायचे. ती उशी फाटली. तुझं नाव त्यांनी एकदा काढलं, ते "बापू घरी नीट पोचला का, पत्र आलं का" एवढं विचारायला.

तुझं दुखणं त्या गोळीनं थांबलं. त्यांचं थांबलं नाही.

अनसूया